सोळा स्टोन

"हे गाऊन धुताना आटवतात की काय, देव जाणे," पडद्यापलीकडून आवाज आला. "मागच्या खेपेला बरा बसला होता."

"लॉन्ड्रीवाल्यांना सांगून सांगून थकलो आम्ही," दुसरा आवाज म्हणाला. "थांबा, अजून एक आणते. एक पुढून घालू, एक मागून."

मग नाड्या बांधल्याची खसखस झाली, कुणीतरी मधे थांबून दम खाल्ला, आणि पहिला आवाज म्हणाला, "आता कशी दिसतेय? बिशपसारखी ना? ये, आशीर्वाद देते." दोघी खळखळून हसल्या.

मीही हसले, माझ्या बाजूला, एकटीच. इस्पितळातला पडदा फक्त डोळ्यांसाठी असतो. कानांची सोय कुणी केलेली नाही.

मी तिथे पडले होते ती घोटा मोडून. शाळेची बस चालवते मी. पोरं सगळी सुखरूप उतरली, बस उभी केली, हँडब्रेक ओढला आणि मग मी स्वतः शेवटच्या पायरीवरून घसरले. घोट्यात प्लेट घातली होती आणि सूज उतरेपर्यंत पाय दोरीने वर टांगून ठेवला होता. म्हणजे कुठे जायची सोय नाही. शेजारी काय बोलतात ते ऐकायचं, किंवा समोरच्या पलंगावर सदासर्वदा झोपलेल्या म्हाताऱ्या पेगचं घोरणं ऐकायचं. मी शेजार निवडला.

तो आवाज मी पहिल्याच वाक्याला ओळखला होता. आमच्या गावात टॅक्सी हवी असली की जो फोन उचलला जातो, त्यावरचा आवाज. डिम्फ्ना. कुणाला डायलिसिसला न्यायचंय, कुणाची सून बाळंतपणाला निघालीय, कोण पबमधून उठायला तयार नाही, सगळं तिला ठाऊक. माझी आई गेली त्या दिवशी मी टॅक्सीसाठी फोन केला तेव्हा ती म्हणाली होती, "नोरीन, गाडी दारात उभी आहे असं समज, तू फक्त कोट घाल." सगळ्या परगण्याने तो आवाज ऐकलेला, पण बाईला पाहिलेलं फार थोड्यांनी. टॅक्सीच्या ऑफिसात मागची खोली असते, तिथे ती बसायची. सकाळी नवरा मागच्या दाराशी सोडायचा, संध्याकाळी मागच्याच दाराने घेऊन जायचा. गावभर कोण कुठे चाललाय ते तिला माहीत. ती स्वतः कुठे जात नव्हती.

पडदा सरकला तेव्हा मी तिला पहिल्यांदा पाहिलं. गोरी, गुलाबी गालांची, हसली की डोळे बारीक होणारी, सुंदर केसांची. आणि खूप जाड. हे मी इथे सरळ लिहितेय. त्या आठवड्यात त्या वॉर्डात हे कुणी उच्चारलं नाही. गाऊन लॉन्ड्रीने आटवले होते. बी.पी.चा पट्टा दंडाला पुरला नाही तर पट्ट्यात बिघाड होता. पलंग अरुंद होता, कारण हल्ली स्वस्तातले पलंग आणतात. खुर्चीचे हात कुणा मूर्खाने बसवले होते. सगळ्या वस्तू चुकीच्या होत्या. आमच्याकडे याला माणुसकी म्हणतात आणि बहुतेक वेळा ती असतेही.

तिच्या डाव्या पायात गुठळी झाली होती. पाय मांडीपर्यंत सुजून लाल-जांभळा झालेला. रक्त पातळ करायचं इंजेक्शन पोटावर, सकाळ-संध्याकाळ.

डॉक्टर कॅहिल आला तो पहिल्या सकाळी. तरुण मुलगा, काही नाजूक विचारायचं असलं की आधी त्याचे कान लाल व्हायचे. पडदा ओढला गेला. तिचा नवरा फिन्टनही आत होता. बारीक अंगाचा, अबोल माणूस, उन्हाळ्यातसुद्धा अंगात मेणकापडी जॅकेट.

"डिम्फ्ना, औषधाचा हिशेब करायचाय, म्हणून, म्हणजे, अंदाजे... वजन किती असेल?"

"सोळा स्टोन," डिम्फ्ना म्हणाली. टॅक्सी दहा मिनिटांत येते म्हणताना जो आवाज लागायचा, तोच.

आणि मग मला फिन्टनच्या जॅकेटची सळसळ ऐकू आली. बस, तेवढीच. माणूस काही बोलायला निघाला आणि परत बसला, की जी होते ती.

"सोळा. छान," डॉक्टर म्हणाला. त्याच्या आवाजातली सुटका मला पडद्याआडून कळली. "म्हणजे एकशे दोन किलो धरू."

आमच्याकडे दूध लिटरने, रस्ता किलोमीटरने, बटाटे किलोने. माणूस मात्र अजून स्टोनमध्ये. एक स्टोन म्हणजे सहा किलोच्या थोडं वर. इस्पितळाला किलो हवे असतात, म्हणून दर वेळी कुणीतरी स्टोनचे किलो करतं, आणि तो गुणाकार अगदी अचूक करतं. मूळ आकडा कुठून आला ते विचारायचं राहून जातं. पुसायला बरं दिसत नाही.

माझ्या बाबतीत मात्र विचारलं. दुपारी औषधवाली बाई आली. मलाही गुठळी होऊ नये म्हणून इंजेक्शन द्यायचं होतं. वजन? मी म्हटलं, अकरा स्टोन. ती गोड हसली आणि आमच्या नर्सला, जिन्सीला, म्हणाली, "दोरी सोड गं, काट्यावर उभं करू यांना, एका पायावर. मी धरते." साडेबारा निघालं. "घोट्यातली प्लेट जड असणार," मी म्हटलं. "असेल," ती म्हणाली, "पण औषध प्लेटलाही पोचायला हवं ना. हे औषध खऱ्या वजनावर चालतं, नोरीन. कमी दिलं तर गुठळी ऐकत नाही, जास्त दिलं तर रक्त थांबत नाही."

माझी एवढीशी थाप पकडली गेली, कारण मी काट्यावर मावत होते.

मग ती शेजारी गेली. तिथे काटा लागू नव्हता. तो दोनशे किलोंपर्यंतचा, पण पाटा वीतभर रुंद आणि धरायला काही नाही, आणि त्या पायावर उभं कोण राहणार. "मूत्रपिंडाच्या वॉर्डात बसायचा काटा आहे," ती म्हणाली, "खुर्चीसारखा. तो मागवते. तोवर हेच धरू."

खुर्चीचा काटा आला. केशरी रंगाची, रुंद, चाकांची खुर्ची, हात बाजूला वळवता येणारे. जिन्सीने ती पडद्याशी आणून उभी केली.

"अगंबाई, माझ्यासाठी सिंहासन?" डिम्फ्ना म्हणाली. "आत्ता नको गं राणी, आत्ता पायात सणक येतेय. जेवण झाल्यावर."

जेवणानंतर तिची मुलगी ओर्ला गॉलवेहून फोनवर येणार होती. फोननंतर डोळा लागला. मग चहा. मग फिन्टन आला, त्याच्यासमोर कसं. आणि दर वेळी अशी काही गंमत करून सांगायची की जिन्सी हसत हसत खुर्ची परत दाराशी नेऊन लावायची. दुसऱ्या दिवशी मूत्रपिंडवाल्यांना ती हवी होती, ते घेऊन गेले. मला कॉरिडॉरमधून तिची चाकं लांब जाताना ऐकू आली, आणि पडद्यापलीकडे डिम्फ्नाने इतका मोठा श्वास सोडला की पडदा हलला.

जिन्सीला दोष देऊ नका. ती केरळची. तिच्या गावी, ती मला सांगत होती, सुट्टीवर गेलं की विमानतळावरच मावशी म्हणते, "अय्या, केवढी जाड झालीस!" आणि ते स्वागत असतं. इथे पहिल्याच वर्षी तिने एका बाईला सरळ विचारलं होतं, तुमचं वजन फार दिसतंय, किती आहे? तक्रार झाली. मेट्रनने समोर बसवून समजावलं की आपण असं बोलत नाही. "मग कसं बोलता?" जिन्सीने विचारलं होतं. मेट्रनने घड्याळ पाहिलं आणि तिला कामावर पाठवलं. "मग मी बघून बघून शिकले," जिन्सी म्हणाली. "लॉन्ड्री, लॉन्ड्री." आणि हात धुवायला गेली.

दिवस जात होते आणि पाय उतरत नव्हता. उलट सूज वर चढली होती. डिम्फ्ना आता रात्रंदिवस तीन उशा लावून अर्धवट बसलेली असायची. आडवं झालं की श्वास कोंडतो म्हणाली. पलंगाचे कठडे दोन्ही बाजूंनी वर, एका बाजूला भिंत, एका बाजूला पडदा. कूस बदलायची तरी दोघी जणी लागायच्या, म्हणून ती बदलायचीच नाही. मी दोरीला टांगलेली, ती उशांना टेकलेली. मधे ते निळ्या फुलांचं कापड.

एका दुपारी, पेग घोरत असताना, मी म्हटलं, "डिम्फ्ना, जागी आहेस?"

"नाही. मी नाचायला गेलेय."

"ते औषध वजनावर असतं म्हणे."

"मलाही कान आहेत, नोरीन," ती म्हणाली. "जे तुझ्या बाजूला ऐकू येतं ते माझ्या बाजूलाही येतं. साडेबारा, काय गं? प्लेट जड असणार!"

मी हसले. पुन्हा तेच. तिने मला हसवलं आणि दार लावून घेतलं. पण मग थोड्या वेळाने, मी विसरत आले तेव्हा, ती आपणहून बोलायला लागली. हळू, फोनवरचा आवाज नव्हे.

"गुडघा दाखवायला गेले होते एकदा. ओर्ला शाळेत होती तेव्हा, बघ. काट्यावर चढले. आकडा आलाच नाही. नुसती एक रेघ. ती पोरगी लाजली बिचारी. म्हणाली, मशीन बिघडलंय, तुम्हीच सांगा ना किती ते. मला आठवलं, चर्चमध्ये ओर्लाच्या पहिल्या कम्युनियनला ड्रेस शिवला तेव्हा सोळा होते. मी म्हटलं सोळा. तिने लिहिलं. पुढच्याने तेच वाचलं. कुणी उलटून विचारलं नाही." थांबून श्वास घेतला. "माहेरचं नाव असतं ना, तसं झालंय ते. माझंच आहे, पण तिथे आता मी राहत नाही."

"मग खरं किती?"

"मला काय माहीत? रेघ आली ना." आणि मग, "तू नाही बोलणार कुणापाशी."

विचारलं नव्हतं तिने. सांगितलं होतं. आणि मी "नाही" म्हटलं. का म्हटलं? पडद्यापलीकडून एखादी बाई असं काही तुमच्या ओंजळीत ठेवते, तेव्हा हात उघडून ते खाली टाकणं जमत नाही. मी तिच्याबरोबर आत अडकले, एवढंच.

शुक्रवारी डॉक्टर कॅहिल रक्ताचा रिपोर्ट घेऊन आला. औषध रक्तात जितकं दिसायला हवं त्याच्या जवळपासही नव्हतं. त्याने जिन्सीला बाजूला घेतलं. बाजूला म्हणजे माझ्या पायथ्याशी.

"एखादं इंजेक्शन राहिलं का, जिन्सी? सकाळचं? किंवा दुसऱ्या कुणाच्या पाळीत?"

"नाही, डॉक्टर."

"नक्की?"

"मी स्वतः दिलीत."

"मेट्रन विचारेल तुला. मला विचारणं भाग आहे गं."

जिन्सीचा चेहरा मी पाहिला. रागावलेला नव्हता. तक्रार झाल्यानंतर माणसाचा जसा होतो, तसा आधीच झालेला होता.

ती मेट्रनकडून परत आली तेव्हा पडद्यापलीकडून हाक गेली. "जिन्सी, इकडे ये. हे घे." फिन्टनने आणलेला चॉकलेटचा अख्खा डबा, न फोडलेला.

"अहो, हे कशाला?"

"घे म्हणते ना. तुझ्या पोरांना ने."

"डिम्फ्ना, तुम्हाला काही सांगायचंय का मला?" जिन्सीने विचारलं. असं कुणी तिला आजवर विचारलं नसेल.

"सांगायचंय ना," डिम्फ्ना म्हणाली. "कॅरॅमलवाली तू खा. पोरांना कळत नाही."

संध्याकाळी माझी दोरी सुटली होती, म्हणून मला चाकाच्या खुर्चीत घालून कॉरिडॉरच्या खिडकीशी नेऊन ठेवलं होतं. खाली गाड्यांचा तळ, पलीकडे शेत. फिन्टन चहाच्या मशिनशी उभा होता. दोन कप घेतले, एक मला आणून दिला. न विचारता साखर घातली होती.

"झोपलीय," तो म्हणाला. "बसल्या बसल्या."

"ओठ निळसर दिसले मला, फिन्टन."

त्याने मान हलवली. पाहिले होते त्यानेही.

"सोळा नाहीये ना ती?" मी म्हटलं. कुणापाशी बोलणार नाही असं सांगितलं होतं, पण हा कुणी नव्हता. हा तर आधीपासून आतच होता.

तो खिडकीकडे वळला. त्याचं काम मला माहीत होतं, सगळ्यांनाच माहीत होतं. गुरांच्या बाजारात काट्यापाशी असतो. जनावर रिंगणात जायच्या आधी काट्यावर चढतं, फाटक बंद होतं, वर बोर्डावर आकडा उजळतो, मग बोली लागते. फिन्टन फाटक उघडतो आणि बंद करतो.

"बोर्डाकडे बघायला लागत नाही मला," तो म्हणाला. "जनावर रॅम्पवर पाय टाकतं तेव्हाच कळतं. पाच किलो इकडे-तिकडे. व्यापारी पैजा लावतात माझ्यावर." कपातला चहा तसाच. "एक जण होता, टुआमकडचा. सगळ्यांसमोर म्हणाला, फिन्टन, घरच्या गाईचा काय अंदाज? सगळे हसले. सगळे नाही, पण हसले. मी फाटक तसंच उघडं टाकलं आणि घरी आलो. तिने विचारलं, आज लवकर कसा? मी म्हटलं, वीज गेली."

"तिला माहीत नाही?"

"कसं सांगणार?" तो पहिल्यांदा माझ्याकडे वळला. "नोरीन, मी तिथे आकडा सांगितला तर तिला काय कळेल? की हा रोज संध्याकाळी घरी येतो, समोर बसतो, आणि मला... मी तसं बघत नाही गं. शपथेवर सांगतो. पण डोळे आहेत. सकाळपासून तेच करत असतात. घरी आले म्हणून थांबत नाहीत."

मी त्याच्या हातातला कप काढून घेतला.

"ती तुला माफ नाही करणार असं वाटतं?"

"करेल," तो म्हणाला. "हसून करेल. काहीतरी गंमत करेल त्यावर. आणि मग कधीच माझ्यासमोर दारातून आत येणार नाही. मी खोलीत बसलेला असलो की बाहेरच थांबेल, काही काम काढून. मला माहीत आहे ती कशी थांबते."

खाली एक टॅक्सी आली, कुणाला तरी सोडून गेली. तिच्याशिवायही टॅक्सी चालू होत्या. ते बघून मला उगाचच भीती वाटली.

शनिवारी सकाळी डिम्फ्नाची वाक्यं तुटायला लागली. नाकाशी ऑक्सिजनची नळी आली. बिशपला आता नळ जोडला, असं काहीतरी ती म्हणायला गेली आणि मधेच राहिलं. जिन्सीने पडदा ओढला, पण घाईत तो पुरता लागला नाही. हातभर फट राहिली, आणि तिच्यातून मला डिम्फ्नाचा चेहरा आणि फिन्टनचा अर्धा खांदा दिसत होता.

डॉक्टर कॅहिल आला. आज कान लाल नव्हते. पांढरा पडला होता.

"डिम्फ्ना, गुठळीचा तुकडा सुटून फुप्फुसात गेला असावा. खाली मशिनमध्ये घालून फोटो काढायला हवा. आत्ताच."

"त्या... बोगद्यात?" ती म्हणाली. "नाही रे बाळा. मला कोंडल्यासारखं होतं. अरुंद जागेत."

"पाच मिनिटं फक्त. खालच्यांना मी वजन कळवलंय, टेबलाला काही अडचण नाही."

तिने डोळे मिटले. त्या टेबलावर सोळा स्टोनची बाई व्यवस्थित मावणार होती. ही खाली जाणार, चार माणसं तिला उचलून ठेवणार, टेबल कुरकुरणार, कुणीतरी कुणाकडे तरी बघणार. हे सगळं मी त्या मिटलेल्या डोळ्यांवर वाचलं.

"नको," ती म्हणाली. "नाही जाणार."

"मग औषध वाढवा ना," जिन्सी म्हणाली. तिचा आवाज चढला होता. "डॉक्टर, डोस वाढवा."

"कसा वाढवू?" तो म्हणाला. "एकशे दोन किलोंना हा पूर्ण डोस आहे. रक्तात कमी का दिसतोय, कळत नाही. वाढवला आणि आपलंच काही चुकत असेल तर डोक्यात रक्तस्राव होईल. मी कशाच्या आधारावर वाढवू?" मग तो वळला. "जिन्सी, पुन्हा विचारतो. खरंच एकही इंजेक्शन राहिलं नाही?"

जिन्सीने नुसतं डिम्फ्नाकडे पाहिलं. आरोप नव्हता त्यात. वाट बघणं होतं.

डिम्फ्नाने डोळे उघडले. ती पण बघत होती, जिन्सीकडे, मग फटीतून माझ्याकडे. तिचे ओठ हलले. मला वाटलं, आता. आता सांगेल. तिने श्वास घेतला, अर्धाच मिळाला, आणि त्या अर्ध्यावर ती म्हणाली, "गळत असेल... कुठेतरी. वॉशर बदला."

आणि आम्ही हसलो. सवयीने. जिन्सीच्या तोंडून एक हुंकार निघाला, डॉक्टरच्या ओठांचा कोपरा हलला, मी माझ्या बाजूला नाकातून हवा सोडली. तिने आम्हाला इतकं शिकवलं होतं की ती गुदमरत असतानाही आम्ही तिला साथ दिली.

फिन्टन हसला नाही. त्याच्या जॅकेटची सळसळ झाली.

"फिन्टन," डिम्फ्ना म्हणाली. हाक नव्हती ती. थांबवणं होतं.

तो उभा राहिला. कठड्यावर ठेवलेला तिचा हात त्याने दोन्ही हातांत धरला आणि तिच्याकडेच बघत राहिला. बोलला मात्र डॉक्टरशी.

"सोळा नाही ती. ओर्ला सात वर्षांची होती तेव्हा होती सोळा."

"फिन्टन, अरे..."

"गप गं, डिम्फ. श्वास घे." त्याचा आवाज फुटला, त्याने तो परत गोळा केला. "सत्तावीस आहे, डॉक्टर. सत्तावीस स्टोन. थोडी वरच. मला कायम माहीत होतं."